मान हलवली म्हणजे समजलं नव्हे

लूमच्या कारखान्यात मान हलवण्याचा अर्थ वेगळा असतो, आणि तो डॉक्टरांना कुठेच शिकवत नाहीत.

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सुरतेत उधन्याला जन्मभर कापडाचे लूम चालवले. तिथे अशी खडखड, की शेजारच्याने ओरडून सांगितलं तरी कळत नाही. म्हणून सगळे ओठ वाचतात, हातांनी बोलतात. पलीकडून कुणी बोलायला लागला की कारीगर मान हलवतो. त्याचा अर्थ एवढाच, की तू बोलतोयस हे दिसलं, चालू दे. समजलं किंवा पटलं असलं त्यात काही नसतं. पुढे कान जातात, सवय तेवढी राहते. गोडादऱ्याच्या आमच्या घरात आबांशी बोलायचं तर आधी त्यांच्या खांद्याला हात लावायचा, मग समोर येऊन तोंड दाखवायचं. मला अजून तसंच बोलायची खोड आहे. कॉलेजातल्या मैत्रिणी वैतागायच्या.

हाच पुढे माझ्या संशोधनाचा विषय झाला. डॉक्टर आणि पेशंट एकमेकांशी कसं बोलतात ते मी दवाखान्यांत कोपऱ्यात बसून ऐकत आले. डॉक्टर सांगतो, पेशंट मान हलवतो, डॉक्टर पुढच्याला हाक मारतो. बाहेर आल्यावर विचारावं, तर गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हेही त्याला ठाऊक नसतं. मी लिहिलं, मान हलली म्हणजे समजलं असं धरू नका, पेशंटलाच त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. यात अक्कल ती कसली! माझ्या आईला हे न शिकता कळत होतं. पण लेख गाजला. परदेशातल्या लोकांनी त्याचे दाखले दिले, डॉक्टरांच्या प्रशिक्षणात तो लागला, आणि पर्वत पाटियाजवळच्या एका एसी हॉलमध्ये मला शाल आणि नारळ मिळाला. तिथे एक बडे डॉक्टर भाषणात म्हणाले, "आपले पेशंट म्हणजे अगदी नंदीबैल हो!" हॉल हसला. नंदीबैलाला मान डोलवायला शिकवतं कोण, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मला ती शाल तिथेच काढून फेकावीशी वाटली.

मग आबांना शुगर निघाली आणि पायाच्या अंगठ्याला जखम झाली. शेजारच्या काकांबरोबर ते पट्टी करून यायचे. डॉक्टर काय म्हणाले असं विचारलं की त्यांच्या अहिराणीत उत्तर ठरलेलं, "काही नही शे. पट्टी बांधी दिनी." अंगठा काळा पडायला लागला तेव्हा सुट्टी टाकून मी सोबत गेले.

डॉक्टर तरुण होता. तोंडावर मास्क, डोळे कॉम्प्युटरवर. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर एक इंग्रजी पोस्टर लावलेलं होतं. पेशंटच्या डोळ्यांत पाहून बोला, असं त्यावर लिहिलं होतं. माझ्याच लेखातून उचललेलं वाक्य. डॉक्टरांसाठीचा उपदेश डॉक्टरच्या पाठीमागे! समोर बसलेल्या पेशंटांनी तो वाचायचा, तोही इंग्रजीत.

बोटं कीबोर्डवर ठेवूनच तो म्हणाला, "काका, अंगूठा निकालना पड़ेगा. समझ गए ने?"

आबांनी मान हलवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापाने स्वतःचा अंगठा कापायला होकार दिला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मी म्हटलं, यांना ऐकू येत नाही, लूमवर कान गेलेत. तुम्ही आधी काय सांगितलं होतं?

"बेन, त्रण वार कह्युं. पग भींजववानो नहीं, बहु चालवानुं नहीं. काका मानता ज नथी."

तीन वेळा सांगितलं म्हणे! पाय भिजवायचा नाही, फार चालायचं नाही. आणि इकडे आबा रोज आंघोळीला त्याच पायावर तांब्याने पाणी ओतत होते, भाजीला पायी जात होते. डॉक्टरच्या लेखी म्हातारा हट्टी ठरला होता. मास्कच्या आड ओठ कसे वाचायचे, हा प्रश्न त्याला तिन्ही वेळा पडला नव्हता.

मी कोण ते रागारागाने सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "अरे मॅडम, आपका आर्टिकल तो हमको पढ़ाया है! बहुत अच्छा है." पालथ्या घड्यावर पाणी. आणि लगेच पुढे, "तो आप ही काका को समझा दो ना."

"नाही," मी म्हटलं. "अंगठा यांचा आहे आणि डॉक्टर तुम्ही आहात. मास्क काढा, खुर्ची इकडे घ्या आणि यांच्याकडे बघून सांगा."

बाहेर रांग आहे, तो म्हणाला. असू दे, मी म्हटलं.

मी आबांच्या खांद्याला हात लावला. डॉक्टरने मास्क खाली केला, खुर्ची ओढली आणि पाय भिजवण्यापासून अंगठा काढण्यापर्यंत सगळं सावकाश सांगितलं. साधं काम होतं, त्याला जमलं. आबा त्याच्या ओठांकडे एकटक बघत होते. त्यांची मान अजिबात हलली नाही. मग त्यांनी खाली पायाकडे पाहिलं आणि लूमवाल्यांच्या त्या मोठ्या आवाजात, बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, ये पहले क्यूं नहीं बोला? मैं पांव सूखा रखता ना."

डॉक्टरने मान हलवली. नजर दाराकडे होती.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हाऊ डाक्टर बी लूमवर व्हता का?"

मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात त्यांचा अंगठा काढला.