रुईचं उष्टं पान

माघ सरत आला की आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेत पहिलं नारिंगी फुलपाखरू येतं. अमरावतीचं ऊन तेव्हा अजून माणसात असतं. मी रोज सकाळी तिथे वही घेऊन उभी राहते. यंदा एका आठवड्यात दिसलेलं सांगते: मुंगसाची जोडी, रुईच्या फुलांवर उलटा लटकलेला शिंजीर पक्षी, आणि लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी. तिने मला दोन दिवस फसवलं. कॉलनीतले लोक या जागेला कचरा म्हणतात. ज्याचं नाव शिकायचा कंटाळा येतो ते सगळं आपल्याकडे कचरा असतं.

नारिंगी फुलपाखरू अंडी घालतं ते रुईवर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची त्याची अळी रुईचीच पानं खाते. रुई गेली की ते गेलं, इतकं सोपं आहे. आणि दर शनिवारी कुंपणाच्या भिंतीलगतच्या रुईच्या फांद्या मला बोडक्या दिसायच्या. पानं कोण नेतं हे सगळ्यांना माहीत होतं. मारुतीच्या देवळातली माळ समोरच्या काकू करतात. मराठीच्या निवृत्त बाई, आवाज अजून वर्गातला.

माझ्या मामाचा अकोल्यात, जुन्या शहरात छापखाना आहे. पत्रकं लिहायला मी तिथेच शिकले. मामा म्हणतो, "पत्रकात एक गुन्हेगार दिसला पाहिजे. नाही तं लोक त्याच्यावर भजे ठेवतात." मला गुन्हेगार मिळाला होता. 'देवाच्या नावावर अळ्यांची कत्तल थांबवा!' असं ठळक छापून आणलं आणि देवळाच्याच भिंतीवर चिकटवलं. नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

परिणाम झाला, पण उलटा. कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "वाद नोको. रुईच काढून टाकू, भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवू. रविवारी बैठकीत ठरवून टाकू." म्हणजे माझ्याच पत्रकाने माझी रुई उपटायला घेतली. मी संतापले. कोणावर, ते तेव्हा नीट कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काकू दारात उभ्या. हातात माझं पत्रक, त्यावर लाल पेन फिरलेलं.

"हे तू लिवलं?"

"हो."

"तीन चुका शुद्धलेखनाच्या हायेत. चौथी मोठी हाय. चाल माह्यासंगं."

'कत्तल' या शब्दाभोवती गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'पाहिलं का?'

रुईपाशी नेऊन त्यांनी एक फांदी वाकवली. शेंड्याची धड पानं गेलेली, खालची कुरतडलेली पानं जिथल्या तिथे. त्यातल्या एकावर अळी निवांत खात बसली होती.

"कुरतडलेलं पान मी कधीच तोडत नाई. उष्टं देवाले चालते का? तिनं तोंड लावलं, ते पान तिचं."

मी दर शनिवारी फांद्या मोजल्या होत्या. उरलेली पानं कोणती, हे एकदाही पाहिलं नव्हतं. पण हार मानायची मला सवय नाही. मी एक धड पान उलटं केलं. खाली खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"अन् हे? हे अंडं आहे, काकू."

त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"हे तं मी धूळ म्हनून पुसत होती," त्या म्हणाल्या. "ओल्या फडक्यानं पुसून मंग गंधानं राम लिवत होती." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "मले आधी काहून नाई सांगतलं? समोर तं राह्यतो आपन. भिंतीले सांगतलं, मले नाई."

मी त्यांच्या हातातून पत्रक मागून घेतलं.

त्याच संध्याकाळी जुनं पत्रक खरवडलं आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात नवीन लावलं: 'माझं चुकलं. काकू उष्टं पान तोडत नाहीत.' मामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, पत्रक कधी मागे घेऊ नये. मी म्हटलं, खोटं असेल तर घ्यावं.

रविवारी देवळाच्या ओट्यावर बैठक भरली. अध्यक्ष काकूंचेच जुने विद्यार्थी.

"बाई, तुमच्यावरच लिवलं ना तिनं?"

"लिवलं. मी तपासलं. ते आमचं आमी पाहून घेऊ. तू रुईले हात लावू नोको."

"माळ आपन बजारातून इकत आनू न, बाई."

"अन् बजारातली रुई का गट्टूवर उगवते?"

ओटा हसला. अध्यक्षही हसले, कान धरायच्या वयाचे असल्यासारखे. भिंतीलगतची रुई आणि लिंबाचं झाड राहील, बाकी जागेत गट्टू, असं ठरलं. मी तिथेच उठून सांगितलं की बाकीच्या जागेसाठीही मी भांडणार आहे. मुंगसं भिंतीला चिकटून राहत नाहीत.

पुढच्या शनिवारी उजाडताच आम्ही दोघी रुईपाशी होतो. आता पान तोडायच्या आधी उलटं करून पाहायचं, हा नियम काकूंचा. चिकाने बोटं चिकट होत होती आणि त्या प्रत्येक पान उन्हात धरून वर्गातल्या वह्यांसारखं तपासत होत्या. ठिपका दिसला की फांदी हळूच सोडून द्यायच्या.

माळ मारुतीच्या गळ्यात जेमतेम छातीपर्यंत आली. अध्यक्ष दर्शनाला आले, थबकले.

"बाई, यावेळी माळ लहान काहून?"

काकू वात वळत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "काही पानं आधीच बुक होती."