सोमवारच्या म्हशी

कोल्हापूरच्या बाईला कुणी "तुझ्यानं व्हणार न्हाय" म्हणावं आणि तिनं ते मुकाट ऐकून घ्यावं, असं निदान मी तरी पाहिलेलं नाही. मोनाला तर हे तिच्या सख्ख्या भावानं सांगितलं, तेही मायेनं. मायेनं सांगितलेलं जास्त झोंबतं.

मोनाच्या नवऱ्यानं आठ वर्षांपूर्वी दुसरीकडं घर मांडलं, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन मंगळवार पेठेत भावाकडं आली. भाऊ जोतीराम शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला. माणूस लाखात एक, पण घर तीन खोल्यांचं. मागची खोली त्यानं बहिणीला दिली. मोना कोपऱ्यावरच्या शबनमभाभीच्या पार्लरमध्ये भुवया कोरायला, फेशियल करायला लागली. पगार आठ हजार. पोटापुरतं भागायचं, पण चूल वहिनीची आणि छप्पर भावाचं.

यंदा श्रावणात भाच्याचं, जोतीरामच्या मुलाचं, लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली. नवी सून येणार म्हणजे मागची खोली तिला द्यायला हवी, हे कुणी बोलायचीही गरज नव्हती. तरी जोतीराम मान खाली घालून बोललाच, "तू स्वयंपाकघरात अंथरूण टाक की. भाड्याची खोली, डिपॉझिट, ते काय तुझ्यानं व्हणार न्हाय."

"बघतो की मी," मोना म्हणाली आणि त्या रात्री जेवलीच नाही.

छत्तिसाव्या वर्षी गॅसच्या शेगडीशेजारी झोपायचं? सकाळी दूध तापवायला कुणी आलं की अंथरूण गुंडाळून उठायचं? छट्! तिनं मनाशी ठरवलं, दिवाळीच्या पाडव्याला आपली खोली, मग आभाळ कोसळो. पार्लरचा पगार वाढणार नव्हता. तेव्हा जोडीला दुसरं काहीतरी हवं होतं. तिनं साड्यांना फॉल लावून बघितलं, तर गल्लीत आधीच पाच जणी तेच करत होत्या. मोबाईलवर साड्या विकून बघितल्या. बायका फोटो बघायच्या, "छान हाय गं" म्हणायच्या आणि दुसरीकडून घ्यायच्या.

मग एका शनिवारी आकारामची सून भुवया करायला आली. आकारामचा पेठेतच सहा म्हशींचा गोठा. सून डोळे मिटून खुर्चीत पडल्या पडल्या सासरची गाऱ्हाणी सांगत होती. "आजेसासू नुसती कावल्या. म्हशी भादरायला माणूसच घावंना. भादरणाऱ्या म्हाताऱ्याला दिसंना झालंय आणि त्याची पोरं म्हणत्यात, आम्ही न्हाय. म्हशीला चारशे द्यायला तयार हाय मामंजी. पाडव्याला म्हशी मिरवायच्या, अंगावर ही एवढी झुलपं घेऊन कशा न्यायच्या?"

मोनाच्या हातातला दोरा एका भुवईवरच थांबला.

"बाई चालंल का?" तिनं विचारलं.

सून डोळे उघडून आरशातून तिच्याकडं बघत राहिली. शबनमभाभी मात्र एवढी हसली, एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, "सोमवारी पार्लर बंद असतंय. त्या दिवशी तू म्हशी भादर न्हायतर हत्ती भादर, मला काय? मंगळवारी येताना कोपरापातूर हात घासून ये म्हंजे झालं."

मोनानं भिशी उचलली आणि जनावरांचे केस कापायचं विजेवरचं मशीन आणलं. वहिनी कपाळाला हात लावून बसली. "घरात लगीन हाय आणि नणंद म्हशी भादरतीया. लोकं काय म्हणतील?"

"लोकांच्या म्हशी असल्या तर पाठव म्हणावं," मोना म्हणाली.

पहिल्या सोमवारी गोठ्याच्या दारात आकारामची आई अंबूबाई काठी घेऊन उभीच होती. "बाईमाणूस म्हस भादरणार? काय आक्रीत म्हणायचं हे!" पण मोना काही शहरातली बाहुली नव्हे. कागलकडच्या खेड्यात दोन म्हशींच्या शेणात तिचं बालपण गेलं होतं. तिनं आधी गंगी नावाच्या म्हशीच्या मानेखाली खाजवलं, तिच्याशी चार शब्द बोलली, मशीन लांबूनच चालू करून आवाज ऐकवला आणि मग हात घातला. अडीच तासांत गंगी काळीभोर झाली. धार लावलेल्या विळ्यासारखी चकचकीत. अंबूबाईची काठीही खाली आली.

आणि इथंच हाताच्या सवयीनं घात केला. पार्लरमध्ये केस काढले की अंगावर पावडर मारायची, हे मोनाच्या बोटांना आठ वर्षांत पाठ झालं होतं. गंगीची कातडी कुठं कुठं लाल झालेली दिसली, तशी तिनं पिशवीतून गुलाबाच्या वासाची पावडर काढली आणि भसाभसा मारली. शेजारी गंगीचं तीन आठवड्यांचं रेडकू उभं होतं. ते गोड दिसलं म्हणून लाडानं त्यालाही पांढरंफेक केलं. "वास ब्येस हाय गं," अंबूबाई म्हणाली. मोना खुशीत घरी आली.

संध्याकाळी सहाला आकारामचा फोन. "बाई, काय करून गेलीस तू? गंगी रेडकाला अंगाला लावून घीना. लाथा घालतीया! पान्हाच सोडंना. गिऱ्हाइकं किटल्या घिऊन दारात उभी हाईत."

म्हैस आपलं पोर वासानं ओळखते, हे मोनाला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी आईनं शंभरदा सांगितलेलं. आणि तिनं त्या पोराला गुलाबाचा वास लावून ठेवला होता! स्वतःच्या अकलेची तिला एवढी लाज वाटली की रडूच फुटलं. फोन बंद करून घरात बसता आलं असतं. पण मग पेठेत एकही गोठा तिला दारात उभं करणार नव्हता आणि दिवाळीला शेगडीशेजारचं अंथरूण ठरलेलं होतं. तिनं चप्पल अडकवली आणि पळत सुटली.

"पाय ठेवू नगंस आत!" अंबूबाई कडाडली.

"मावशी, दोन तास द्या. मग काठीनं हाकला."

तिनं परवानगीची वाटही बघितली नाही. रेडकाला कोमट पाण्यानं तीनदा धुतलं, पोत्यानं पुसलं. गंगीच्या पायाखालचा ओला पेंढा उचलून त्याच्या अंगाला चोळला. गंगीलाही ओल्या पोत्यानं शेपटीपर्यंत पुसून काढलं. मग सडातून कशीबशी चार थेंब धार ओंजळीत घेतली, रेडकाच्या पाठीवर फासली आणि गंगीनं चाटावं म्हणून वर मीठ भुरभुरलं. सोडलं. गंगीनं हुंगलं, फुस्सकन श्वास टाकला आणि पाय झाडला.

"झालं का समाधान?" आकाराम म्हणाला.

मोनानं रेडकू पुन्हा धुतलं, पुन्हा पेंढा, पुन्हा मीठ. हात लाल झाले, साडी शेणानं भरली. किटलीवाले कंटाळून गेले. तिसऱ्या खेपेला गंगीनं बराच वेळ हुंगलं. मग जीभ बाहेर आली. एकदा चाटलं, दोनदा चाटलं, आणि मग काय, चाटतच सुटली. रेडकानं कासेला धडक दिली, तोंडाला फेस आला, तेव्हा मोना तिथंच शेणात बसली.

अंबूबाई आत गेली आणि धारोष्ण दुधाचा पेला घेऊन आली. "पी," एवढंच म्हणाली. आकारामनं चारशे रुपये पुढं केले. मोनानं हात मागं घेतला. "आजचं न्हाय घेत. पुढच्या सोमवारी दुसरी म्हस बांधून ठेवा. पावडर घरी ठेवून येतो."

अंबूबाईनं ही गोष्ट पेठभर तक्रारीसारखी सांगितली. पावडरीवर लोक पोट धरून हसायचे. पण शेवटी म्हातारी न चुकता म्हणायची, "पर बाई पळाली न्हाय." त्या एका वाक्यानं मोनाचे सोमवार भरले. दसऱ्यानंतर तर पार्लर उघडायच्या आधी, पहाटेच ती एक म्हैस उरकून यायची. दिवाळीच्या आठवड्यात शबनमभाभीनं स्वतःहून सुट्टी दिली. पाडव्याला पेठेतून नटूनथटून निघालेल्या म्हशींतल्या निम्म्या तिच्या हातच्या होत्या. त्याच दुपारी तिनं मागच्या गल्लीत एका खोलीचं कुलूप उघडलं. भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट रोख.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. जोतीराम नवा शर्ट घालून, साडी आणि नारळ घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेरच थबकला.

"या की पावणं, आत या," मोना म्हणाली.

तो पाटावर बसला. तिनं ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी टाकली. "आठ वर्सं तू मला माझ्याच घरात ओवाळत व्हतीस," तो म्हणाला. "भाऊबिजंला भैनीच्या घरी जायाचं असतंय गं. आज गेलो."

मोना नाक ओढून म्हणाली, "जेवून जा. आणि वहिनीला बी बोलवून घे."