कुंदाताई स्टँडवर लिहितात

स्टँडचं नाव सांगणार नाही, कारण कंट्रोलर धरमसिंगनं तशी शपथ घातली आहे. दिग्रसकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा कुठलातरी समजा.

कुंदाताईंचा उभा जन्म सरकारी कचेरीत, दुसऱ्यांच्या सह्यांसाठी मजकूर लिहिण्यात गेला. निवृत्तीनंतर आपल्या नावानं एक, फक्त एक गोष्ट छापून यावी एवढीच त्यांची हौस. यवतमाळच्या एका दिवाळी अंकानं शनिवारपर्यंत मुदतही दिली होती. पण त्यांनी कागद समोर घेतला रे घेतला, की आतून नवऱ्याची, सदाशिवरावांची हाक आलीच म्हणून समजा.

"कुंदा, चहापत्तीचा डबा कुठी आहे वं?"

डबा लग्नापासून एकाच जागी होता. वरच्या फळीवर, डाव्या अंगाला.

एक दिवस ताई चिडून वही घेऊन निघाल्या आणि स्टँडच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. तिथं मात्र पेन असं सुटलं की बस्स! नवऱ्यावर रुसून स्टँडवर आलेल्या बाईची गोष्ट. माहेरच्या गाडीत बसावं की परत फिरावं, हे तिचं ठरेना. भोवती कुणी कंडक्टरशी भांडतंय, कुणी बकरीचं तिकीट लागतं का विचारतंय, ते सगळं ताई गोष्टीत ओढून घेत. उकडलेल्या शेंगा विकणारी लालीबाई त्यांची जागा राखायची. "ऊठ रे भाऊ, बाई लिवून राह्यली," असं म्हणून तिनं भल्याभल्यांना उठवलं.

घात केला धरमसिंगनं. चष्मा, पेन, आणि गाडी आली की बाई मान वर करून बघते! मागं एकदा तपासणीत सापडल्यानं तो ताकही फुंकून पीत असे. बाई वरच्या ऑफिसातून तपासणीला आल्यात, असं त्यानं ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवसापासून गाड्या घड्याळाबरहुकूम सुटू लागल्या. माणसं येत आणि लगेच गाडीत बसून जात. उरलेली ताईंना बघून हळू बोलत. बकरीसुद्धा गुपचूप बसू लागली. ताईंचं पेन थिजलं आणि शेवट काही सुचेना.

"अहो, मी गोष्ट लिहिते, गोष्ट!" त्यांनी धरमसिंगला सांगितलं.

त्यानं डोळा मिचकावला. "समजलं मॅडम. आपन कोनाले सांगत नाही."

शनिवार उजाडला. शेवटी वैतागून ताई बाकड्यावर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं गोष्ट वाचू लागल्या. आधी लालीबाई टोपली घेऊन जवळ सरकली. मग पुसदच्या गाडीतले लोक खाली उतरले, त्यामागून ड्रायव्हर आला. गोष्टीतला नवरा दर दोन पानांनी चहापत्तीचा डबा विचारायचा, बायको दर वेळी तीच फळी आणि तेच डावं अंग सांगायची आणि सगळे हसायचे. कंडक्टर घंटी मारायला गेला तर खुद्द धरमसिंगनंच त्याचा हात धरला. "थांब बे! बाई गाडीत बसते का नाही, ते तं ऐकू दे."

पण पुढचं पान कोरंच होतं. ताई पानं मागंपुढं उलटू लागल्या.

नेमके तेव्हाच सदाशिवराव घामाघूम होऊन आले. गर्दीबिर्दी त्यांना दिसलीच नाही.

"कुंदा, तू इथं? अवं, तो चहापत्तीचा डबा—"

"वरच्या फळीवर, डाव्या अंगाला!" अख्खा स्टँड एका आवाजात ओरडला.

 लालीबाईनं सदाशिवरावांना खांद्याला धरून बाकड्यावर बसवलं आणि हातात शेंगा दिल्या. ताईंना हसू आवरेना. हसता हसता त्या खाली बसल्या आणि सगळ्यांसमोर शेवट लिहून टाकला. बाई माहेरी गेली नाही आणि घरीही गेली नाही. तिचा नवराच चहा करून स्टँडवर घेऊन आला.

"हे काई खरं वाटत नाही, बाई," लालीबाई म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. पुसदची गाडी तासभर उशिरा सुटली आणि बाई तपासणीच्या नाहीत हे कळून स्टँडचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी ताई पुन्हा वही घेऊन बाकड्यावर बसल्या, तोच सदाशिवराव थर्मास घेऊन स्टँडवर हजर. सगळे बघत असताना त्यांनी ताईंना कपात चहा ओतून दिला. ताईंनी घोट घेतला. डोळे भरून आले, तरी तोंड वाकडं झालं.

चहात साखर नव्हती. ती कुठं असते, हे विचारायला घरात कुणी नव्हतं ना!