अल्बानियाचं प्रस्थान

चैत्र सरत आला, की आमच्या जिंतुरात दुपारचा वारा असा काही सुटतो, की कडुनिंबाची वाळकी पानं गल्लीतल्या फरशीवरून खरखरत एकदा या दारापाशी जातात, एकदा त्या दारापाशी, आणि कुठंच ठरत नाहीत. कूलरच्या ओल्या गवताचा वास नाकाशी असतो, अंगाला गारवा असतो, पोटात भाकरी सुखानं पडलेली असते. तरी त्या खरखरीनं जिवाची जी तगमग सुरू होते, ती काही केल्या शमत नाही. तुम्हांला होतं का हो असं? हरवलेलं काही नाही, बोलावलेलं कुणी नाही, आणि तरीही उठावं नि चालू लागावं, असं? माझ्या आईनं फार पूर्वीच निदान करून ठेवलं होतं, की सुनंदेच्या पायाला भिंगरी आहे. गंमत एवढीच, की ही भिंगरी जन्मभर जागच्या जागी फिरली.

झरीच्या शाळेत तीस वर्षं मी फळ्यावर जगाचा नकाशा काढला. द्वीपकल्पं, आखातं, सामुद्रधुन्या अशा ठसक्यात सांगितल्या, की मुलांना वाटावं, बाई कालच तिकडून आल्या. समुद्र मी स्वतः एकदाही पाहिलेला नाही, हे मात्र त्या वर्गात कधी कबूल केलं नाही. घरी एक जाड वही होती. तिच्यात काश्मीर होतं, दार्जिलिंग होतं, रामेश्वर होतं. गाड्यांच्या वेळा, मुक्काम, सोबत न्यायची औषधं, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी परीक्षा, कधी जनगणनेचं काम, कधी नणंदेचं बाळंतपण. खरं सांगू? कारणं चालून आली नसती, तर मी ती शोधून आणली असती. वहीतल्या गावात धूळ नसते, तिथं कुणाचं पोट बिघडत नाही, तिथं आपण कधी चुकत नाही. असं गाव सोडून खऱ्या गावाला जायचं, म्हणजे धाडसच की!

मग निवृत्ती आली आणि सगळी कारणं एका दिवसात संपली. अशाच एका दुपारी मोबाईल चाळता चाळता अल्बानिया सापडला. युरोप म्हटलं, की आमच्यासारखे आधी बँकेचं पासबुक काढतात. पण हा देश चिमुकला, आपल्या मराठवाड्याच्या निम्म्याहून लहान, आणि आमच्या खिशाला झेपेल असा. एका अंगाला निळाशार सागर, दुसऱ्या अंगाला नभाला टेकलेली गिरिशिखरं, आणि डोंगरउतारावर एकावर एक चढलेली, असंख्य खिडक्यांची पांढरी घरं! मी लगेच वही उघडली. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुझं सगळं जग वहीत फिरून झालंय, आता पाय कशाला दुखवतेस?" बोलणं थट्टेचं होतं, पण वर्मी लागलं. विमानाचं नाव काढलं तरी ह्यांना घाम फुटतो, तेव्हा सोबत कोण, हाही प्रश्न होताच.

तो प्रश्न गेल्या दिवाळीत पेडगावला सुटला. तिथं माझ्या थोरल्या जाऊबाई असतात, आम्ही त्यांना आक्का म्हणतो. साठी ओलांडलेली, शेतातल्या कामानं काटक झालेली बाई. परभणीच्या पलीकडचं जग त्यांनी लग्नाकार्यापुरतंच पाहिलेलं. मी आपली सहज बोलून गेले, की असा असा एक देश आहे. आक्कांनी कापूस वेचून चिरलेल्या बोटांना तेल लावता लावता एकच विचारलं, "ताक भेटतं का तिकडं?" मी सांगितलं, भेटतं, मीठ घातलेलं ताक ते लोक जेवणासोबत पितात, मक्याची भाकरी खातात, डोंगरात मेंढरं चारतात. "मग काय फिकीर हाय? आपलेच लोक हायत की ते," आक्का म्हणाल्या, "मी येते." इतकं सरळ! मी आयुष्यभर नकाशे काढले आणि ही बाई ताकाच्या एका पेल्यावर परदेशाला तयार झाली. पासपोर्टसाठी महिनाभर त्यांनी सही घोटली, आणि चैत्रात आम्हा दोघींचा व्हिसाही आला.

वाचता वाचता त्या देशाची एक गंमत कळली. तिथल्या जुन्या लोकांत म्हणे मान खाली-वर हलवली, की 'नाही' आणि आडवी हलवली, की 'हो'. मी मनाशी म्हटलं, आमच्याकडच्या बायकांना हे शिकवायला नको! संसारात किती वेळा मान खाली-वर हलवली आणि आतून 'नाही, नाही' म्हटलं, त्याची मोजदाद कोण ठेवणार? तेव्हा तर कुणीतरी अडवायला होतं. आता अडवणारं कुणीच नव्हतं आणि तरी माझं पाऊल उचलत नव्हतं.

राहिलं होतं ते फक्त तिकीट. रोज दुपारी मी मोबाईलवर विमानं काढायची, नावं भरायची, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी बंद करायची. आक्कांचे गुडघे दुखले तर? भाषा कळली नाही तर? आपण दोघी तिकडं हरवलो तर? आक्कांचा फोन यायचा, "कवा निघायचं गं? मिरगाच्या आत परत यावं लागंल, पेरणी हाय." मी एक तारीख सांगून टाकली आणि वर म्हटलं, तिकिटाचं झालंच समजा. खोटं बोलले. दिवस उलटत होते. यंदा राहिलं, तर पेरणी, खुरपणी, वेचणी यांत आक्का दिवाळीपर्यंत हलू शकणार नाहीत. आणि पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे त्यांना कुठवर नेतील, कुणास ठाऊक?

शेवटी वैशाखातल्या एका सकाळी मी ठरवलं, की हे सगळं रद्द करायचं. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून एसटीत बसले. झरीची शाळा खिडकीतून मागे गेली. रानं नांगरून काळीभोर पडली होती, बांधांवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. परभणीला उतरून रिक्षानं पेडगावला पोहोचेपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. पुढच्या वर्षी नक्की जाऊ, हे वाक्य मला चांगलं जमतं.

आक्कांनी मला बोलूच दिलं नाही. पाण्याचा तांब्या हातात दिला आणि थेट शेजारच्या गयाबाईंच्या ओसरीवर घेऊन गेल्या. कोनाड्यात एक गाठोडं होतं. "तू सांगितल्या दिवशी अवस हाय. मग काल चांगला दिवस बगून मी परस्थान ठिवलं." तुम्ही ही चाल विसरला असाल, तर सांगते. निघायचा दिवस बरा नसला, तर आधीच्या शुभ दिवशी आपलं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड असं बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. तेवढ्यानं आपण निघालो, असं धरतात. मात्र ते गाठोडं पुन्हा घरात आणायचं नाही. तिथूनच उचलायचं आणि वाटेला लागायचं.

तिकीट नाही, काही नाही, आणि ही बाई निघूनसुद्धा गेली! आक्का, अहो, असं कसं केलंत, म्हणत मी ते गाठोडं सोडलं. आत त्यांचं हिरवं लुगडं होतं. आणि त्याला गाठ मारून बांधलेली माझी साडी होती. दिवाळीत पेडगावला विसरून राहिलेली, जांभळ्या काठांची, माझी.

"तिकीट काडलं न्हाईस, हे मला ठावं हाय," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "फोनवर तुजा आवाजच सांगायलाय. तुज्यानं निघणं व्हायचं न्हाई, म्हणून तुला आदीच काडून दिलं. आता नको मनायचं असंल, तर हे तूच उचल आन् घरात ने. माज्यानं व्हायचं न्हाई. मला एकडाव समिंदर बगायचाय, सुनंदे. तुज्या वहीत न्हाई."

मी मास्तरीण, त्या ओसरीवर ढसाढसा रडले. लाज वाटली, राग आला, आणि त्याखाली कुठंतरी विलक्षण सुटल्यासारखं वाटलं. जन्मभर मला थांबवणारी माणसं मी मोजत आले होते. मला काढून देणारं कुणी भेटलंच नव्हतं. मी साडीला पुन्हा गाठ मारली, डोळे पुसले, मोबाईल काढला. ते शेवटचं बटण दाबेपर्यंत गयाबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं.

संध्याकाळच्या गाडीनं जिंतूरला परतले. ह्यांनी दार उघडलं, चहा टाकू का म्हणून विचारलं. तीच ओट्यावरची भांडी, तोच पलंग, तोच कूलर. पण पाहुण्याच्या घरी बसावं तशी मी कडेला बसले. घरी आलेच नव्हते मी. वाटेत एका ओळखीच्या घरी मुक्कामाला थांबले होते.