रविवारचा रोवणा

चिखलाने भरलेल्या बांधीचा वास आला की मला सुकमामावशी आठवते. नवेगाव बांधला रविवारची प्रार्थना तेव्हा मी चालवायचो, आणि त्या दिवशी शेतात उतरायचं नाही हा माझा कडक नियम होता. एका रविवारी प्रार्थना संपता संपता मावशी आली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. शेजारीण बाळंत झाली होती, म्हणून तिच्या धानाचा राहिलेला रोवणा मावशीने एकटीने उरकला होता.

"येशूच्या दिवशी रोवणा काऊन केला, मावशी?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"त्याच्यासंगच बोलत बोलत रोवून राहिली होती, बाबू," ती पाय धूत म्हणाली. "तू इथं कोणासंग बोलून राहिला होता?"

हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे मी गैरहजर लिहून टाकलं होतं. त्या दिवशी गैरहजर कोण होतं, ते कळायला मला फार वर्षं लागली.