अक्कांच्या खोलीतल्या ट्रंका

अक्का गेल्याचं मला महादेवाने सांगितलं. रामनगरला लेकाकडे कायमचं राहायला जायचं म्हणून मी सामान बांधत होते. "बाई, अक्का उठंनात..." दारात उभा राहून तो एवढंच बोलला.

सुमित्राक्का जोयड्यात अनाथ मुलांच्या वसतिगृहात वॉर्डन होत्या, मी शेजारच्या शाळेत शिक्षिका. अठरा पूर्ण झाली की पोराच्या हातात त्याची पत्र्याची ट्रंक द्यायची आणि निरोप द्यायचा, असा तिथला नियम. महादेव असाच बाहेर पडला आणि बस स्टँडवर ट्रंकेवर बसून राहिला. जायला गावच नव्हतं. अक्कांनी ती ट्रंक आपल्या भाड्याच्या खोलीत आणून ठेवली. "ट्रंक हितं हाय, म्हंजे तुजं घर हितं हाय." मग दर वर्षी ट्रंका वाढत गेल्या. पोरं सुप्याला, अणशीला, मिळेल तिथे राबायची, कुणाच्या तरी ओट्यावर झोपायची; ट्रंक मात्र अक्कांकडे. शेवटी त्यांना कूस बदलायला जागा उरली नाही. मी वैतागून म्हणायचे, "अक्का, हे घर आहे की गोदाम?" त्या नुसत्या हसायच्या.

त्यांचं मागणं एकच होतं... या पोरांना हक्काचं काम लागेपर्यंत सरकारने छप्पर द्यावं. अधिकारी यायचे. खुर्ची असूनही अक्का त्यांना मुद्दाम ट्रंकेवर बसवायच्या. "तसा नियम नाही, अक्का." "मग करा की सायेब. मी कुटवर पुरणार?" चहा पिऊन साहेब जायचे, त्यांची बदली व्हायची, नवे साहेब त्याच ट्रंकेवर बसायचे. अक्कांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा बेळगावच्या दवाखान्यात चला म्हणून मी हात जोडले. "खोली बंद दिसली तर मालक ट्रंका भायेर काढंल, बाई. न्हाई जमायचं." लोक याला त्याग म्हणतात. मला त्याचं कौतुक करवत नाही, संताप येतो. बाई त्या खोलीत अडकून मेली.

त्यांना उचलून बाहेर आणायलाही वाट नव्हती. पोरांनी आधी एकेक ट्रंक अंगणात काढली, मग अक्कांना नेलं. स्मशानातून परतल्यावर सगळी ओल्या कपड्यांनी अंगणातच उभी राहिली. आपली ट्रंक उचलून कुणीच निघेना. महादेव माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, आत ठिवू?"

रामनगरला जाणं राहिलं ते राहिलंच. खोलीची किल्ली आता माझ्या कमरेला असते. परवा नवे साहेब आले. मी खुर्ची बाजूला सरकवली आणि त्यांना ट्रंकेवर बसवलं.