जांभळ्या तुकड्याच्या बुडाशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कराडच्या भावाला नाही. आणि सांगण्यासारखं आहे तरी काय? खून नाही, दरोडा नाही — काचेच्या टाकीतल्या कोरलची, प्रवाळाची गोष्ट. तुम्ही हसाल. हसा खुशाल. पण दिवसभर इथे आखातात, हमद पोर्टवर कंटेनरचे कागद तपासून मी घरी येतो, सोफ्यावर अंग टाकतो, समोर ती टाकी असते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. थकलोय मी.

समुद्री टाकीचं वेड मला लावलं सलीमभाईंनी. दापोलीकडचे, माझ्याच ऑफिसात, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. शुक्रवारची नमाज झाली की मला गाडीत घालून सूक वाकिफच्या बाजाराजवळच्या मासेवाल्याकडे न्यायचे. तिथे निळ्या दिव्याखाली कोरलचे बोटभर कापलेले तुकडे मांडलेले असायचे. फ्रॅग म्हणतात त्यांना. हिरवे, केशरी, जांभळे — लग्नातल्या रोषणाईसारखे. मी आ वासून बघत राहायचो. सलीमभाई मात्र दुकानदाराला निळा दिवा बंद करायला लावायचे. साध्या उजेडात निम्मे तुकडे मातकट दिसायला लागायचे. उरलेल्यातला एक उचलून ते उलटा करायचे. “रंगाला भुलू नको रे. बूड बघ, बूड.”

बूड कशासाठी? तर तिथे कोरल खाणाऱ्या किड्याची अंडी असतात. तपकिरी, खसखशीहून बारीक. औषधाच्या पाण्यात बुडवलं की किडा मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून नवा तुकडा औषधातून काढायचा, महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचा आणि मगच टाकीत सोडायचा. हा त्यांचा नियम. सात वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. मोडला तो एकदाच, माझ्यामुळे.

त्यांची टाकी म्हणजे — काय सांगू? भिंतभर. मुलांच्या शाळेचे मित्र बघायला यायचे, शेजारचा इजिप्शियन यायचा. नसीमभाभी, म्हणजे सलीमभाईंच्या बायको, आल्यागेल्याला चहा देता देता त्या टाकीचं कौतुक सांगायच्या. आणि मी? मी कायम शिकाऊ. मला एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की, सुरेश, तुला निवड जमली.

म्हणून एकदा मी एकटाच दुकानात गेलो. एकाच जांभळ्या कोरलचे दोन तुकडे घेतले. एक मला, एक त्यांना. गुरुदक्षिणा म्हणा. निळा दिवा बंद करायला सांगितलं नाही, दुकानात गर्दी होती, मला लाज वाटली. घरी येऊन दोन्ही उलटे केले. एकाचं बूड स्वच्छ होतं. दुसऱ्याच्या बुडाशी नखाएवढा तपकिरी डाग होता.

डागच आहे, असं मी मनाला सांगितलं. चिकटवायचा गोंद असेल, शेवाळ असेल. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण मग — डागच होता, तर तो तुकडा मी माझ्या टाकीत का नाही ठेवला? स्वच्छ तुकडा मी ठेवून घेतला. डागाचा त्यांना दिला. दुसऱ्याच दिवशी.

“औषधातून काढलाय?” त्यांनी विचारलं.

“हो. महिनाभर टबात होता,” मी म्हणालो.

“तू निवडलास ना? मग मी आणि काय बघायचा!” असं म्हणत त्यांनी तो तुकडा उलटाही न करता टाकीत मधोमध लावला. भाभींना हाक मारून दाखवला. मला जे ऐकायचं होतं, ते मी त्या दिवशी ऐकलं.

पुढे दोनेक महिन्यांनी त्यांची आई अंथरुणाला खिळली आणि ते एकटेच गावी गेले. मुलांच्या परीक्षा होत्या, भाभी इथेच राहिल्या. टाकी माझ्या स्वाधीन होती. पहिल्याच शुक्रवारी गेलो तर फांद्या बुडापासून पांढऱ्या पडत चाललेल्या. मी दिलेला तुकडा काढून उजेडात धरला. बारीक चावे होते, कागदासारखे चपटे किडे होते, अंडी होती. सगळं होतं.

अजून वेळ होता. दर आठवड्याला प्रत्येक कोरल औषधातून काढलं असतं, तर अर्धी टाकी नक्की वाचली असती. पण त्यासाठी दापोलीला फोन करून सांगावं लागलं असतं, की किडे आहेत. मग कुठून आले, हे त्यांनी विचारलं असतं. मी काय केलं? तो तुकडा टिश्यूत गुंडाळून खिशात घातला आणि घरी आणून कचऱ्यात टाकला. भाभींना म्हटलं, पाणी बदललंय, होईल ठीक.

मध्ये ईद झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी टाकी जवळजवळ पांढरीफटक पडलेली. भाभी दारातच उभ्या होत्या. हातातली ओढणी पिळत म्हणाल्या, “सुरेशभाऊ, ईदला पावणे आलेले. मी हॉलमधे बखूर लावला. त्या धुरानं झाला असेल काय?”

बखूर म्हणजे इथला सुगंधी धूप. निखाऱ्यावर टाकतात, घरभर फिरवतात. त्याने कोरल मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हणालो, “असू शकतं, भाभी.”

सलीमभाई परतले. त्यांना भाभींनी स्वतःच सांगितलं, रडत. ते भाभींवर ओरडले नाहीत. फक्त एकदा, माझ्यासमोर, रिकाम्या टाकीकडे बघत म्हणाले, “सात वरसां सांभाळलेला. हिनं एका दिवसात धुरात घालवला.” भाभी उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी तो चहा प्यालो.

त्यांनी पुन्हा टाकी भरली नाही. आणि त्या घरात पुन्हा बखूर लागला नाही. ईदला नाही, मुलीच्या साखरपुड्याला नाही. वासाची एवढी हौस असलेली बाई — पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायची, माझ्या हातनं एकदा नुकसान झालाय. किती वेळा ऐकलं मी ते वाक्य? प्रत्येक वेळी मान खाली घालून समोरचा खजूर उचलला.

या वर्षी सलीमभाई निवृत्त झाले आणि ती दोघं कायमची दापोलीला गेली. जायच्या आधी आमच्याकडे जेवायला आली होती. माझ्या टाकीतला तो दुसरा तुकडा आता ताटाएवढा झालाय. सलीमभाई त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. “बेस वाढवलास,” म्हणाले. भाभींनी मंगलला, माझ्या बायकोला, आपलं बखूरचं भांडं दिलं. सोबत बखूरची न उघडलेली डबी. “हॉलमधे नको हां लावू, मंगल. टाकी आहे.”

मंगलला काही माहीत नाही. ती दर शुक्रवारी त्या भांड्यात निखारा ठेवते, चिमूटभर बखूर टाकते आणि हॉलमध्येच, टाकीच्या शेजारच्या स्टुलावर ठेवते. पहिल्यांदा लावला तेव्हा मी सोफ्यावरून बघत होतो. धूर काचेवरून वर गेला. जांभळं कोरल फुललेलं होतं.

परवा ती म्हणाली, “भाभी उगीच घाबरायच्या हो. बघा, काही होत नाही.”

मी म्हटलं, “हो.”